परांड्याच्या वाटेवरचा सुफ्रा

प्रवासात माणसाचा खरा स्वभाव उघडा पडतो, म्हणूनच अरबीत प्रवासाला सफर म्हणतात. हे मला बार्शीहून परांड्याला जाताना बैलगाडीत, अंधार फिकट होत असताना समजले. सांगणारे मौलवीसाहेब शाळेत अरबी-फारशी शिकवत. मी किल्ला पाहायला निघालो होतो. ते मुलीच्या सोयरिकीसाठी.

"सीन, फे, रे, ही सफरची मूळ अक्षरं," ते म्हणाले. "मूळ अर्थ पडदा सरणं. उजाडतं तो इस्फार. दोन घरांची मनं मोकळी करतो तो सफीर, दूत. वाटेची शिदोरी तो सुफ्रा, आणि ती मांडायचं कापडही सुफ्राच."

धुक्यातून ज्वारीची ताटे वर येत आणि पुन्हा बुडत. घुंगरांच्या तालावर मला वाटू लागले, हे सगळे रान त्या तीन अक्षरांतूनच उगवले आहे.

"मौलीसाब," गाडीवान रामा वळून म्हणाला, "शिदोरीचं आधी न्हाय का सांगायचं? लई भूक लागली."

मौलवीसाहेबांच्या मांडीवरच्या गाठोड्यात सुफ्रा होता, पण शिदोरीचा नव्हे, कापडाचा. त्यांच्यात मुलगी दाखवत नसत. तिने भरतकाम केलेला दस्तरखान (जेवणाचे कापड) दाखवत. पसंती त्यावरच. पांढऱ्याशुभ्र कापडावर हिरवी वेल होती, लेकीने पावसाळाभर बसून भरलेली.

संस्थानच्या हद्दीवर जकात नाका लागला. नाकेदाराची टोपी त्याच्या झोपडीपेक्षा भारदस्त होती. त्याने गाठोडे सोडले.

"नवं कापड. हुकूम येईपर्यंत इथंच राहील."

"सोयरीक आजच आहे हो!"

"वापरातलं असतं तर गोष्ट निराळी," म्हणून तो आभाळाकडे बघत बसला.

रामाने आपली भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. "मांडा की, मौलीसाब. वापरू."

मौलवीसाहेब बराच वेळ वेलीवरून बोट फिरवत राहिले. मग बिस्मिल्ला म्हणून त्यांनी सुफ्रा धुळीत पसरला. आम्ही जेवलो. वेलीच्या शेंड्यावर तेल हळूहळू पसरत गेले. वापर तपासण्यासाठी नाकेदारानेही एक भाकरी खाल्ली.

परांड्यात आम्ही मुलाकडच्यांच्या ओसरीवर बसलो. सुफ्रा पडद्याआड गेला. आत मुलाची आजी होती. पडदा वाऱ्याने हलायचा, थांबायचा.

"ये दागां कायके?" आतून आवाज आला.

मौलवीसाहेबांनी मान खाली घालून नाक्यावरचे सगळे सांगितले. 

"कोरा दस्तरखान पेटी में रखने कू होता," आजी म्हणाली. "इस पे तो लोगां खाए. शक्कर लाव गे!"

मौलवीसाहेबांनी रुमालाने चष्मा पुसला, चष्मा स्वच्छ असताना.

मी किल्लाही पाहिला. तोफ मोठी आहे.

मौलवीसाहेब पाहुणचाराला राहिले. परतताना गाडीत एकटाच होतो. या सफरीत सगळ्यांचे काही ना काही उघडे पडले, माझे मात्र राहिले, असे वाटत होते. तेवढ्यात नाका आला. नाकेदाराने माझी पेटी तळापर्यंत उपसली. दोन मळके सदरे निघाले.

"वापरातले," तो म्हणाला, आणि गाडी सोडली.