सहा फुटी वैमानिकाची पँट

नाव: फलकावर कोरले आहे. हुद्दा: बाँबफेकी विमानाचा वैमानिक. मोहिमा: बारा; पैकी अकरांतून परत आला. स्वभाव: निधड्या छातीचा. उंची: सहा फूट, चौथरा वगळून.

हे वर्णन स्मारक समितीने एकमताने मंजूर केले. बैठकीला त्याला ओळखणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे एकमत व्हायला फारसा वेळ लागला नाही.

ओळखणारं एकच माणूस आता उरलं आहे, त्याची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, बाजारामागच्या गल्लीत जिन्याखाली तिचं शिवणकामाचं दुकान. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. लढाईआधी भाऊ तिथेच बसून काजं करायचा. त्याची काजं आपल्याहून सरस होती, हे मावशी आजही कुरकुरत का होईना, कबूल करतात. मग सैन्याने त्याला नेलं, विमान चालवायला शिकवलं आणि शहरांवर पाठवलं. त्या शहरांत खाली कोण राहत होतं, ते समितीच्या माहितीपत्रकात नाही. जागा कमी पडली.

पुतळा उभा राहिल्यावर समितीने ठरवलं की वाचनालयात काचेच्या कपाटात त्याचा गणवेशही मांडावा. मावशींकडे जादा पँट आणि टोपी होती. पँट लांब होते म्हणून शेवटच्या रजेत तो ती टाकून गेला होता. मावशींनी आखूड करून, इस्त्री मारून ठेवली. न्यायला तो आलाच नाही.

मावशींनी दोन्ही वस्तू दिल्या, अट एकच घातली: माप बदलायचं नाही. आठवड्याच्या आत समितीचे सचिव पँट घेऊन दुकानात हजर. हे निवृत्त शाळा तपासनीस, अजूनही समोरच्याची वही तपासत असल्यासारखे बोलणारे. पुतळ्याच्या मापाच्या बाहुल्याला पँट चढवली तर ती नडगीवरच थांबते, लोक हसतील, तेव्हा आतली दुमड उसवून द्यावी, अशी त्यांची विनंती होती.

"पाच फूट तीन इंच होता तो," मावशी म्हणाल्या. "विमानात बसताना खाली उशी घ्यायचा."

उशीची गोष्ट बाहेर बोलू नये, असं सचिवांनी सुचवलं. मग समजावलं, "मावशी, पुतळा लोकांसाठी असतो."

"मग पँट पुतळ्याकडे मागा. ही माझ्या भावाची आहे."

पुतळा ब्राँझचा असल्यामुळे तो आखूड करता येत नाही, ही तांत्रिक अडचण सचिवांनी मांडली. मावशींनी ती ऐकून घेतली आणि सुईत दोरा ओवत राहिल्या. सचिवांनी पँट उलटी करून पायाशी दुमडलेलं चार बोटं कापड दाखवलं. चोर पकडल्यासारखा त्यांचा आवाज चढला.

"लांब करायची नव्हती, तर एवढं कापड आत ठेवलंत कशाला? कापून का नाही टाकलंत?"

मावशींनी पँट त्यांच्या हातातून घेतली, घडी घालून कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. सचिव रिकाम्या हातांनी परत गेले. वाचनालयात आता टोपीच आहे. टोपीवरून उंची कळत नाही.

कापड आत ठेवलं होतं, कारण आधीच्या रजेपासून तो दीड इंच वाढला होता. एकोणीस वर्षांचा होता.