डेलचे अकरा सेकंद

"मी हसत होतो, म्हणून फिल्म करपली," असं डेल स्क्रोग्ज एकदाच म्हणाला, तेही अंड्याचं सँडविच खाता खाता. नंतर त्याने हाताला लागलेलं मेयोनेज रुमालाने पुसलं आणि विषय संपवला. थिएटरात पॉपकॉर्न विकायला लागून मला तेव्हा सात वर्षं झाली होती. त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

गोष्ट १९८३ च्या ऑक्टोबरची. डेल तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याच्या काही वर्षं आधी गावाबाहेरच्या सोयाबीनच्या शेतातून तो टेकडीवरच्या कॉलेजात शिकायला आला, एका सत्रात चार विषयांत नापास झाला आणि टेकडी उतरला. उतरल्यावर पहिली इमारत थिएटरची. तिथे मशीन चालवायला माणूस हवा होता. डेल वर मशीनच्या खोलीत चढला तो चढलाच.

त्या ऑक्टोबरात लागलेला सिनेमा आमच्या गावच्याच कॉलेजात चित्रित केलेला. इतर सगळ्या कॉलेजांनी गोष्ट वाचून नकार दिला होता. आमच्या अध्यक्षांनी ती वाचलीच नाही. सिनेमात एक घर आहे, विद्यार्थ्यांच्या एका मंडळाचं, दारावर मंडळाच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं, आत तेवीस पोरं, सगळी हाकलली जाण्याच्या बेतात. शिस्तीचे भोक्ते डीन त्यांच्यामागे हात धुऊन लागलेत. स्थापना दिनाच्या सकाळी डीन आंघोळीच्या टबमध्ये बसून गात असतात. आणि मग ते टबसकट फुटबॉलच्या मैदानावर असतात, सहा हजार लोकांसमोर, डोक्यावर बँडवाल्याची उंच टोपी.

मधलं आमच्या फिल्ममध्ये उरलं नाही. त्या ऑक्टोबरात, पहिल्याच खेळाला, चारशे लोक असे हसले की खिडकीशी उभा असलेला डेलही हसायला लागला. डोळ्यांत पाणी आलं. मागे मशीनमध्ये फिल्म अडकली, दिव्यासमोर वितळली, पुढची फाटत गेली. सोळा फूट कापून टाकावी लागली. पडद्यावरचे अकरा सेकंद.

जोडकाम होईपर्यंत अंधार होता. कुणीतरी ओरडलं, "अरे, पण टब मैदानात गेला कसा?" एक मुलगा खुर्चीवर उभा राहिला आणि त्याने सांगितलं. म्हणजे साफ थापा मारल्या. शेजारच्या मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर, पाद्र्याची घोडी, असं काय काय. लोक सिनेमापेक्षा त्याला जास्त हसले.

पुढच्या वर्षी त्या ठिकाणी सगळे ओरडले, "थांबव, डेल!" डेलने मशीन थांबवलं. तेव्हापासून दर ऑक्टोबरात, जुने विद्यार्थी गावात परततात त्या शुक्रवारी, दुपारी चारला हा सिनेमा लागतो. सगळे आंघोळीचे झगे घालून येतात. दातांचे डॉक्टर, वकील, एक न्यायाधीशसुद्धा. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींतून चिठ्ठी काढतात, आणि ज्याचं नाव निघेल तो सांगतो, टब कसा गेला.

सिनेमा चांगला आहे असं मी म्हणणार नाही. निम्मे विनोद शिळे झालेत. मुलींच्या खिडकीत डोकावण्याच्या प्रसंगाला हल्लीच्या मुली अशा हुर्यो करतात की आवाज ऐकू येत नाही, आणि ती हुर्यो करायलाच त्या नटूनथटून येतात. पण त्या तेवीस पोरांना कशाचीच भीती नाही, हे पाहताना साठीतला माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. परीक्षा, नोकरी, बाप, हृदयविकार, काहीही नाही. हे मी पॉपकॉर्नच्या काउंटरमागून चांगलं पाहिलंय.

यंदा सिनेमाच्या कंपनीने नवी प्रत पाठवली. धुऊनपुसून, रंग भरून, संगणकावर. अखंड. आणि जुनी फिल्म परत मागवून घेतली. मालकीण नादीन कोवालने बाहेर फलक लावला: 'हरवलेले अकरा सेकंद, चाळीस वर्षांनी प्रथमच!' तीन राज्यांतून लोक यायचे ठरले.

डेल फलक बघत उभा राहिला.

"चांगला झालाय ना?" नादीन म्हणाली. तिच्या वडिलांच्या काळापासून डेल इथे. ती लहानपणी त्याच्या खोलीत बसून गृहपाठ करायची.

"अक्षरं सरळ आहेत," डेल म्हणाला.

"लोकांना कळायला नको का, काय होतं ते? चाळीस वर्षं झाली, डेल!"

"हो ना. चाळीस वर्षं."

गुरुवारी दुपारी आम्ही तिघांनी प्रत तपासायला रिकाम्या थिएटरात सिनेमा लावला. डीन गायला लागले. मग ते अकरा सेकंद आले. दारावर टकटक होते, डीन म्हणतात, "आत या," चार पोरं आत येतात आणि टब उचलतात. एकाचा पाय साबणावरून घसरतो. संपलं.

नादीनने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच पाहत राहिलो.

"बरं आहे की," ती म्हणाली.

"हे एवढंच?" डेल म्हणाला. चारशे खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा साबण. तिसऱ्यांदा लावायला गेला तेव्हा नादीनने त्याचा हात धरला.

जिन्यात तो मला म्हणाला, "उद्या हे पाहतील, आणि मग पुढच्या वर्षी कोण उभं राहील? साबण होता म्हणून सांगायला?"

"नादीनला सांग ना."

"तिने फलक लावलाय." तो एक पायरी उतरला. "मी आयुष्यात एकच काम असं केलं जे पोरं टेकडीवर घेऊन जातात. तेही चुकून."

शुक्रवारी झग्यांची रांग बेकरीपर्यंत गेली होती. सफरचंदाचा सायडर आणि डोनट चारच्या आतच संपले. चिठ्ठी काढलीच नव्हती. तरी ब्रीन ओस्टरहाउट नावाची एक मुलगी काउंटरशी येऊन म्हणाली, "माझं तयार होतं हो! तीन वर्षं घोकतेय. माझ्या गोष्टीत पाणबुडी आहे."

"आता खरं बघ," तिच्या शेजारचा टकला माणूस म्हणाला. "माझ्या वेळी मी हत्ती आणला होता. हसून हसून माझ्या आईची तर शुद्ध हरपली होती."

दिवे गेले. मी डेलचा सायडर घेऊन वर गेलो. तो खिडकीशी उभा होता, हातात टोपी. खाली पडद्यावर डीन टबमध्ये उतरले, साबण घेतला, गायला लागले. टकटक झाली. डेलने टोपी मशीनचा झोत जातो त्या खिडकीच्या काचेवर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने आवाजाचं बटण शून्यावर आणलं.

खाली मिट्ट काळोख.

"अरे ए!" कुणीतरी ओरडलं. "पैसे परत!" दुसरा म्हणाला. डेल ओठांतल्या ओठांत मोजत होता. अकरा झाले तसं त्याने मशीन थांबवलं. टोपी तशीच काचेवर.

नादीन धापा टाकत जिना चढून आली. "डेल, वेड लागलंय का तुला? लोक मला खातील! बाजूला हो."

डेल हलला नाही.

"मी सांगतेय बाजूला हो. मालक कोण आहे इथे?"

"तू," डेल म्हणाला. "काल बघून तू हसली होतीस?"

खाली ओरडा वाढला. मग त्या ओरड्यातून एक म्हाताऱ्या गळ्याचा आवाज वर आला, "थांबवलंय रे, डेलने थांबवलंय!" आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. "सांगा! सांगा!" झगे खुर्च्यांवर चढले. धक्काबुक्कीतून ब्रीनचा आवाज फुटला.

"ऐका! कुणालाच माहीत नाही, पण त्या टबाला तळ नव्हता!"

पाणबुडी आली. पाणबुडीचा कप्तान डीनसाहेबांचा सावत्र भाऊ निघाला, आणि दोघांचं आईच्या केकवरून भांडण होतं. नादीन दाराला टेकली. आधी तिने हसू दाबलं, मग दाबता आलं नाही. ओठांवर हात ठेवून ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"फलकाचं काय करू मी?" ती हसता हसता म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा हेच करशील?"

"पुढच्या वर्षी तूच धर," डेल म्हणाला, आणि टोपी तिच्या हातात देऊन त्याने आवाजासकट मशीन पुन्हा सुरू केलं. मैदान, टब, सहा हजार लोक पडद्यावर आले. खालचा आवाज एवढा वाढला की खिडकीची काच थरथरली.

त्याने खुंटीवरचं जाकीट घेतलं आणि खाली उतरला; मी त्याच्या मागोमाग. बाहेरच्या हॉलमध्ये, जागा न मिळालेले झगेवाले भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी त्याला वाट करून दिली.

"डेल, खरं सांग," तो टकला माणूस पुढे आला. "तू तर पाहिलंयस. टब कसा गेला?"

डेलने त्याच्या झग्याचा सुटलेला पट्टा नीट बांधून दिला, दार ढकललं आणि बाहेर पडला.