मालनचा गाल

मालन गेल्याचा फोन माझ्या मुलानेच केला, इस्पितळातून. सदा वास्कोला बंदरात कामाला आहे. "आये, काकी गेली," एवढंच बोलला आणि रडायला लागला. बाप गेला तेव्हा तो असा रडला नव्हता. मला पहिल्यांदा तेच आठवलं. महिना झाला, अजून तेच आठवतं.

मालन माझी धाकटी जाऊ. पेडण्यात आमचं एकच घर, एकच चूल. तिला मूल झालं नाही. सदा लहान असताना तिला कुष्ठरोग झाला. गोळ्यांनी रोग बरा झाला, पण हातापायांची जाण गेली ती गेली, आणि पापण्या पुऱ्या मिटेनात. डोळे अर्धे उघडे ठेवूनच झोपायची. एकदा मळणीत डोळ्यांत भाताचं कुसळ गेलं, डोळे लालभडक झाले. दीर म्हणाले, डॉक्टरकडे जाऊया. "दुखणत नाय, मगे कित्याक जावचा?" ती म्हणाली, आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं. न दुखणाऱ्याला आमच्याकडे दुखणं कोण म्हणतो? डोळ्यांचीही जाण गेली होती, हे डॉक्टरने नंतर सांगितलं... तोवर दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं.

आंधळा माणूस हातांनी बघतो. हिचे हातही आंधळे. चहाचा तापलेला कप धरून बसायची. तळव्याला आलेला फोड मला दिसायचा, तिला कळायचाही नाही. ठेच लागली तर सोप्यावर रक्ताची पावलं उमटायची. मीच जखमा धुवायचे, पट्टी बांधायचे आणि तोंडाने बोलतही राहायचे. "वयनी, तुझे हात माका लागणत नाय, जीभ तेवढी लागता," म्हणून ती हसायची.

जाण उरली होती ती फक्त उजव्या गालाला. पोदेर पाव देऊन गेला की तो गालाला लावून आजचा की कालचा ते सांगायची. लुगडं सुकलं का, तेही गालानेच. आणि सदाही. शाळेतून आला की तो सोप्यावर तिच्या खुर्चीपाशी वाकून गालाला गाल लावायचा. ती सांगायची, आज अंग कोमट आहे, आज रडून आलाय. पुढे त्याला दाढी आली, तीही पहिल्यांदा तिलाच कळली. नोकरीला लागल्यावरही बसमधून उतरला की आधी तिथे वाकायचा, मग आत येऊन मला विचारायचा, जेवायला काय आहे. एकदा मी बोललेच, आईला काय गाल नाही?

"तुका दिसता मां गे," तो म्हणाला.

दिसतं. मला सगळंच दिसायचं...

लोक म्हणतात, मालन सुटली. मला वाटलं होतं, मीही सुटले.

गेल्या रविवारी सदा यायचा होता. मी तिच्या खुर्चीत जाऊन बसले. फाटक वाजलं तसे डोळे मिटले आणि मान जराशी डावीकडे वळवली, ती वळवायची तशी. तो सवयीने वाकला. त्याचा श्वास कानाशी आला... आणि तिथेच थांबला.

"आये, झोप इली काय गे तुका? आत जावन पड," म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.

मी डोळे उघडले नाहीत. मानही तशीच ठेवली.