रोज एक झाकण लाल वाइन

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावातली कारकुनी सोडून द्राक्षबागायतदार व्हायचं ठरवलं होतं. द्राक्षाची जात, वाइनच्या कारखान्याला माल द्यायचा बेत, राजीनाम्याचा मजकूर, सगळं तयार होतं. फक्त जमीन सासऱ्यांची होती.

सासऱ्यांची, म्हणजे आबांची, सोनगीरला किल्ल्याखाली दोन एकर मुरमाड जमीन. नाशिककडच्या एका मित्राने मला तिकडची लाल वाइन आणून दिली आणि सांगितलं, की ही दोन जातींच्या काळ्या द्राक्षांची मिळून केलेली आहे. एक जात कणखर, एक मऊ. शिवाय तिथला उतार, मुरूम, रात्रीचा गारवा, सगळं म्हणे चवीत उतरतं. मुरूम म्हटल्यावर मला सोनगीर दिसू लागलं. आबांना एक घोट द्यायचा, चव समजावून सांगायची, की जमीन आपली!

पण समजावायचं तर आधी स्वतःला समजायला हवं. म्हणून जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या पत्र्याच्या घरात मी बाटली उघडली आणि रोज संध्याकाळी खोकल्याच्या औषधाचं एक झाकण भरून अभ्यास सुरू केला. (बूच तुकडे होऊन निघालं होतं, म्हणून तोंडाला कागदाचा बोळा.) बायकोने, सुमनने, एकदा झाकण मागितलं. मी म्हणालो, "तुझ्या जिभेला नाही कळायचं ते." वहीत नोंदी केल्या. मार्चअखेर: जांभूळ, मनुका. एप्रिल: आता धार येते आहे. मे: धार पक्व झाली.

मेमध्येच एका शनिवारी रजा टाकून आम्ही एसटीने सोनगीरला गेलो. बाटली माझ्या मांडीवर, इंजिनाशेजारी. आबांनी उभा जन्म जिनिंगमध्ये कापूस पारखला होता आणि दारूला कधी शिवले नव्हते. पण "माल चाखाना म्हंजे पेवानं नही," असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला आणि अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, स्टीलच्या वाट्या मांडल्या.

"आधी वास घ्या आबा," मी वाटी गोल फिरवत म्हणालो. थोडी त्यांच्या धोतरावर उडाली. "जांभूळ येतंय?"

"नही."

"मनुका?"

"नही. नाकमा झिणझिण्या येतस."

"तीच ती धार, मुरमाची!" आणि मी उतार, गारवा, कणखर जात, मऊ जात आणि त्यांच्या दोन एकरांत लावायची बाग यांवर दहा मिनिटं बोललो. मग घोट घेऊन डोळे मिटले. "शेवटी किंचित मधाची छटा आहे बघा."

आबांनी घोट घेतला. बोटांची चिमूट चोळली, धागा ओढून बघावा तशी. "हाई आशीच ऱ्हास का?"

"अशीच. उत्तम प्रतीची."

अक्कांनी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. "हाऊ तं सिरका शे. मिरच्यासना लोणचामा टाकतस तो."

मी पुन्हा घोट घेतला. सिरकाच होता, म्हणजे व्हिनेगर. रोज थोडा थोडा होत गेला होता आणि माझी जीभ त्याच्याबरोबर चालत गेली होती.

"कधी उघाडी व्हती?" आबांनी विचारलं.

"दोन महिने झाले."

"आन् रोज चाखी?"

"रोज."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "उन्हाळामा माल बिघडसच, जवाईबापू, त्यामा तुमना दोष नही. पन रोज चाखीसन बी तुम्हले समजनं नही. भिजेल कापूस माले हात लावताच समजस. ज्याले नासेल माल गोड लागस, त्याना हातमा जमीन कशी देवानी?"

मला खरंच लाज वाटली. त्यांचं बरोबर होतं. अक्कांनी मिरच्यांसाठी बाटली ठेवून घेतली.

परतीच्या एसटीत सुमन म्हणाली, "मला तर एप्रिलमध्येच कळलं होतं. मी एकदा गुपचूप चाखली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या जिभेला कळत नाही ना," ती म्हणाली.

सोमवारी कचेरीत साहेबांनी माझा रजेचा अर्ज पुढे ओढला. "कारण शेतीचं काम लिहिलंय. झालं का काम?"

"झालं साहेब," मी म्हणालो. "दोन एकर जमीन वाचली."