कमी आलेल्या व्याजाची तक्रार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही मनातून जात नाही ती एका म्हातारीची तक्रार. आमगावच्या बाजूला एका ठाण्यावर मी प्रभारी होतो. एप्रिलचे दिवस होते. ठाणे अंमलदाराने तिला दोनदा सांगितले होते, ‘बाई, हे पोलिसांचे काम नाही, बँकेत जा.’ तरी ती पायरीवरून उठेना. शेवटी मी तिला आत बोलावून खुर्चीवर बसवले.

तिने पासबुक टेबलावर ठेवले.

“सायेब, दर साली सातशे रुपये व्याज येते. औंदा पावणेतीनशे काऊन आलं? बँकेतल्या बाबूले इचारलं, त म्हनते बरोबर हाय. त्यानंच खाल्लं.”

तिला वाचता येत नव्हते. दरवर्षी ती शाळेतल्या मास्तरांकडून शिल्लक आणि व्याज, एवढेच वाचून घेई. मी मागचे पान उलटले. जूनमध्ये अठरा हजार काढलेले होते आणि जानेवारीत तेवढेच परत भरलेले होते. त्या काळी महिन्यातल्या कमीत कमी शिलकेवर व्याज लागे, म्हणजे बँकेचा हिशेब चोख होता. पण पैसे काढले कोणी?

“मी त बँकेत पायच नाई ठेवला,” ती म्हणाली.

माझा संशय सरळ त्या कारकुनावर गेला. चौकशी अर्ज दाखल करून त्याला पैसे काढल्याच्या स्लिपसह बोलावले. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, घाबरट माणूस. मी दम दिला, नोकरी जाईल, आत बसशील. तरी तो एवढेच म्हणाला, “सर, स्लिप पाहून घ्या. मला विचारू नका. मी एकाला शब्द दिला आहे.”

स्लिपवर अंगठा होता आणि त्याखाली नाव होते म्हातारीच्या नवऱ्याचे. खाते दोघांच्या नावावर होते.

हवालदार दुपारी त्याला घेऊन आला. बायकोला समोर पाहताच म्हातारा दारातच थबकला. मी त्याला पाणी दिले आणि विचारले, “अठरा हजार कुठे गेले होते?”

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग कारकुनाकडे बघून म्हणाला, “याले सोडा सायेब. याचा काई दोष नाई. पोरीले देल्ले.”

त्यांची एकुलती एक मुलगी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न करून गेली होती. आईने त्या दिवसापासून घरात तिचे नाव काढू दिले नव्हते. जूनमध्ये गोंदियाच्या दवाखान्यात ती बाळंतपणात अडली. ऑपरेशनला पैसे नव्हते. निरोप बापाकडे आला. पुढे धान विकल्यावर जावयाने पै न् पै आणून दिली.

“मले वाटलं, पैसे भरले का झालं. व्याजाचं ध्यानातच नाई आलं,” तो म्हणाला.

आता ही आकाशपाताळ एक करणार, असे समजून मी हवालदाराला जवळ उभे केले. म्हातारी पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“लेकरू जगलं?” तिने विचारले.

“जगलं. पोरगी हाय. दहा महिन्याची झाली. बसाले लागली आता.”

“अन तुमी मले सांगतलं नाई.”

“तू आयकली असती?”

ती कारकुनाकडे वळून म्हणाली, “बाबू, माहं चुकलं.” तो बिचारा घाईने उठून तिच्या पाया पडला.

‘गैरसमज दूर झाला, तक्रार नाही’ असा जबाब लिहून तिचा अंगठा घेतला. मला वाटले, दोघे घरी जातील. पण ती दारात थांबून हवालदाराला विचारत होती, सालेकशाकडची बस कुठे लागते. मुलगी तिकडेच राहत होती. म्हातारा मागे उभा राहून डोळे पुसत होता.

त्या दिवशी अंमलदाराच्या शब्दावर मीही तिला परत पाठवले असते, तर नियमाने कोणी मला दोष दिला नसता. माणूस जी तक्रार घेऊन येतो, तिच्यामागे दुसरेच काही असू शकते, आणि ते त्यालाही ठाऊक नसते. पुढे ज्या ज्या ठाण्यावर गेलो तिथे पहिल्या दिवशी एकच सांगितले: काम आपले आहे की नाही ते नंतर ठरवू, आधी माणसाला बसू द्या.