समुद्र घरी नव्हता

मला कुणाचाही हेवा वाटत नाही. फक्त थोरल्या जाऊबाईंचा वाटतो, आणि तोही दिवसभरच. रात्री मी झोपते.

जव्हारला त्या आमच्या शेजारच्याच घरात राहतात. मे महिन्यात मुलांना घेऊन डहाणूच्या समुद्रावर गेल्या आणि तिथून फोटोंचा मारा सुरू! लाटांत जाऊबाई, उंटावर जाऊबाई, बर्फाचा गोळा खाताना जाऊबाई. (मुलं कोपऱ्यात कुठंतरी होती.) परत आल्यावर मला म्हणतात, "तू लेकीला इथल्याइथे शिरपामाळच्या टेकडीवर नेलंस ना परवा? तेही छानच आहे हो!"

त्या "तेही"ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"रविवारी डहाणू!" मी ह्यांना सांगितलं. "उंटावर बसायचं, लाटांत उभं राहायचं आणि फोटो त्यांच्याहून जास्त काढायचे."

"स्वराला आवडेल," हे म्हणाले.

"स्वराचा काय संबंध?"

जीप ठरवली. सासूबाई, हे, लेक स्वरा आणि (फोटोसाठी) भावाच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसलेली मी. दुपारी किनाऱ्यावर उतरून पाहतो, तर समुद्रच नाही! नुसता काळा गाळ आणि पार लांब एक चकाकती रेघ.

"आटला का काय गं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा जन्म साखरशेत गावच्या भातशेतात गेलेला. "आपल्या हिरीचं पाणी तरी होळीपतूर टिकतं!"

"ओहोटी आहे," शहाळीवाला म्हणाला. "संध्याकाळी येईल पाणी."

संध्याकाळी? जीपवाला तर चारलाच निघणार होता! आणि जाऊबाईंच्या फोटोत गुडघाभर लाटा होत्या. "तो येत नसेल तर आपण जाऊ," म्हणत मी निघाले.

"अगं, गाळ आहे!" हे ओरडले.

"तुम्ही फोटो काढा!"

थोडं अंतर झकास गेलं. मग उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत! तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर तोही गेला. जितकी हलले तितकी खाली गेले. साडी गाळावर पसरली आणि मधोमध मी, कमरेपर्यंत रोवलेली.

काठावरून सासूबाई सगळ्यांना सांगू लागल्या, "आवणीला, भात लावाया शेतात बोलवलं का हिची कंबर धरते! आन् इथं बघा, कशी हौसेनं चिखलात उतरली!"

"आई, भाताची रोपं आणून देऊ का?" स्वराने विचारलं. (हे रक्त सासरचं.)

शेवटी उंटवाला धावला. "मॅडम, हिलना मत!" त्याने दोर फेकला, मी कमरेला बांधला, दुसरं टोक उंटाला. उंट चालू लागला आणि मी पोटावर घसरत, किंचाळत किनाऱ्याकडे निघाले. एक चप्पल समुद्रासाठी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि हे? सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे व्हिडिओ काढत होते! स्वराने तो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

जव्हार येईपर्यंत मी पदरात तोंड लपवून बसले होते. दारात जाऊबाई उभ्याच, चेहरा लालबुंद. आता ह्या खिदळणार, म्हणून मी मान खाली घातली.

"काय गं हे तुझं!" त्या कडाडल्या. "पोरं दुपारपासून रडतायत! म्हणतात, आपली सहल फालतू होती, आम्हाला काकूसारखं उंटाने चिखलातून ओढायला पाहिजे!"

त्या जळत होत्या. माझ्यावर! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

मी मान ताठ केली. (वाळलेल्या गाळामुळे ती तशीही वळत नव्हती.)

"तुम्ही लाटांत उभ्या होतात ना, ताई?" मी म्हणाले. "तेही छानच आहे हो!"

आणि उरलेली एक चप्पल फटफट वाजवत मी ऐटीत घरात शिरले.