सासऱ्याच्या नावाचा थांबा

पूस महिन्यातलं धुकं रेल्वे फाटकाच्या तोंडाशी तुंबून बसलं होतं. फाटकापल्याडचं हिंगोली शहर जणू कुणी पुसून टाकलं होतं. द्वारकाबाईनं म्हशीच्या सडांवर गार पाण्याचा हात फिरवला तशी म्हैस शहारून बाजूला सरली.

"हुबी ऱ्हाय गं. आज तूबी छळू नको."

धारा चरवीत वाजू लागल्या, पण तिचं चित्त दुधात नव्हतं. आज टाऊन हॉलात शहर बसची सुनावणी होती. आज जे ठरंल तेच कायम होणार होतं.

हिंगोली जिल्हा झाली आणि कचेऱ्या, कॉलेजं सगळी शहराच्या पार त्या टोकाला गेली. तिकडं जायला टमटम सोडून दुसरं साधन नाही. द्वारकाबाईच्या ज्योतीचा नंबर डी.एड.ला लागला, तेव्हा आळीत साखर वाटली होती. पण ज्योतीचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेलेला. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती अंगणभर फिरायची, तेवढंच. टमटमची पायरी उंच. दिवाळीनंतर एकदा ती चढते न चढते तोच गाडी हलली आणि पोरगी खडीवर पडली. हनुवटीला टाके पडले. तेव्हापासून ती घरीच होती. हजेरी अशीच बुडाली तर नाव कमी करू, असं कॉलेजानं कळवलं होतं. बाप वसमतकडं साखर कारखान्यावर कामाला, आठवड्याला घरी यायचा. चुलता जळबा स्वतः टमटम चालवायचा. थोडे दिवस त्यानं तिला नेलं, मग म्हणाला, "वैनी, ही चढंस्तोवर माझी शिटं दुसऱ्याच्या गाडीत बसून राहिली. मी धंदा करू का पालखी वाहू?"

म्हणून बस. ती दारात थांबली तर ज्योतीचं शिक्षण होणार होतं, नाही तर नाही.

आणि बस दारात थांबणारच होती, असं साऱ्या आळीला वाटत होतं. उन्हाळ्यात आकांक्षा नावाची पोरगी औरंगाबादहून आली होती. वस्तीवस्तीतल्या लोकांना विचारून बसचे रस्ते ठरवायचं काम तिच्याकडं होतं. तिनं आळीतल्या बायांना गोळा केलं, रांगोळीनं जमिनीवर शहर काढलं आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा, बस कुठं थांबावी?"

"मोठ्या हौदापाशी!" साऱ्याजणी एका तोंडानं म्हणाल्या.

हौद द्वारकाबाईच्या दारासमोरच होता. सासऱ्यानं, सटवाजीनं, ऐन उमेदीत दगडावर दगड रचून बांधलेला. बाजाराला येणारे बैल तिथं पाणी प्यायचे. अख्खं शहर त्याला सटवाजीचा हौद म्हणायचं. पण आळी सगळी एकाच भावकीची. त्यामुळं सटवाजी कुणाचा सासरा, कुणाचा चुलत सासरा. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आळीतल्या बाया म्हणत मोठा हौद. म्हणता म्हणता त्यांना तेच खरं नाव वाटू लागलेलं.

आदल्या दिवशी नकाशा शाळेच्या भिंतीला लागला. शाळा आळीच्या तोंडाशीच. ज्योती भिंतीला धरधरून गेली, वाचून आली आणि उंबऱ्यातच बसली.

"आई, थांबा फाटकापल्याड पडला. पाण्याच्या टाकीपाशी."

"काहून? आमी तर मोठा हौद म्हणलो."

"टाकीलाबी लोक मोठा हौदच म्हणतेत. मला ते फाटक ओलांडून चालत जाणं व्हायचं न्हाई."

नकाशा उशिरा लागला, तोवर लेखी हरकतीची मुदत सरली होती. आता सुनावणीला जाऊन तोंडानंच सांगायचं. ज्योतीला न्यावं तर टमटमवाले बसवून घेणार नव्हते. हौदापाशीच त्यांचा अड्डा होता आणि बस पल्याडच बरी, असं त्यांचं आपसात ठरलं होतं.

दूध घालून द्वारकाबाई शेजारच्या पारुबाईला घेऊन निघाली, तसा जळबा आडवा आला.

"वैनी, कुठं?"

"सभंला."

"जा की. बापूबी तिथंच हाय. मीच नेऊन बसवला, पुढच्या खुर्चीत." जळबा हसला. "बोला मंग त्याच्या म्होरं."

बापू म्हणजे जळबाचा बाप, द्वारकाबाईचा सासरा; त्याच्यासमोरच त्याच्या नावाचा हौद सांगायचा होता. पारुबाई हळूच म्हणाली, "फिरायचं का माघारी?"

"न्हाई. चल."

हॉल भरला होता. मागच्या भिंतीला टमटमवाले दाटीनं उभे होते. पुढं पांढरं मुंडासं, काठीवर दोन्ही हात आणि त्यावर हनुवटी ठेवून सटवाजी बसला होता. टेबलापाशी आकांक्षा आणि एक इंजिनियर साहेब. इतर वस्त्यांचं झालं, मग साहेबांनी विचारलं, "फाटकाकडचा थांबा, मोठा हौद. कोणाची हरकत?"

"न्हाई, न्हाई! बराबर हाय!" मागून गलका झाला.

द्वारकाबाई उभी राहिली. पदर पुढं ओढला. "माझी हाय. हौद चुकला, साहेब. आमचा हौद फाटकाच्या अलीकडं, आमच्या आळीत हाय."

साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं. "अलीकडं हौद दिसत नाही, बाई."

"तिथं हौद कुठला!" जळबा ओरडला. "डबकं हाय. डास व्हतेत."

"तुम्हीच बायांनी मोठा हौद सांगितलं होतं ना?" आकांक्षा गोंधळून म्हणाली.

"सांगितलं, माय. आमी त्याला तसंच म्हणतो. पण त्याचं खरं नाव येगळं हाय."

"मग खरं नाव सांगा," साहेब म्हणाले. "इथं एवढे गावकरी आहेत. ते हो म्हणाले की मी इथंच दुरुस्ती करतो."

द्वारकाबाईनं पुढच्या मुंडाशाकडं पाहिलं. ते हललं नाही. पारुबाईनं तर तोंडात पदरच कोंबला होता.

"म्हाताऱ्याच्या नावाचा हाय. घरच्या."

"कोणत्या म्हाताऱ्याच्या?"

"लेकराच्या पाचवीला जिला पुजतेत ना, नशीब लिहिती ती..."

"सटवाई?"

"तीच! पर बाप्या माणूस."

हॉल खदाखदा हसला. "साहेब, सटवाईला मिशा काढा!" मागून कुणी तरी म्हणालं. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बाई, कोडी नकोत. नाव सांगा, नाही तर मी पुढं जातो."

त्यांनी कागद उलटायला घेतला. द्वारकाबाईच्या डोळ्यांपुढं उंबऱ्यात बसलेली ज्योती आली.

"सटवाजीचा हौद!"

आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. हसणं तुटलं. पारुबाईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच आलं. जळबाचं तोंड उघडंच राहिलं. मग मधल्या रांगेतून एक शेतकरी म्हणाला, "अरे, सटवाजीचा हौद व्हय! मंग असं म्हणा की. आमचे बैल तिथंच पाणी पेत व्हते."

"हाय, हाय. फाटकाच्या अलीकडंच!" आणखी दोघं-तिघं बोलले.

साहेबांनी लाल शाईनं फुली मारली आणि अलीकडं गोल काढून 'सटवाजीचा हौद' लिहिलं. त्याच वेळी सटवाजी उठला. कुणाकडं न बघता काठी टेकत तो हॉलाबाहेर गेला.

दोघी परत निघाल्या. सासऱ्याचा अपमान झाला, आता म्हातारा अन्न सोडतो का घर, हेच दोघींच्या मनात. नवऱ्याला काय सांगायचं?

ज्योती दारात वाट पाहत उभी होती. आईनं नुसतं हौदाकडं बोट केलं. पोरीला कळलं. पण ती हसली नाही, कारण हौदाच्या कठड्यावर आजा बसला होता.

"द्वारके."

"जी, मामंजी."

"नाव घेतलंस."

"घेतलं."

"भरल्या सभंत. तुझ्या सासूनं मरस्तोवर घेतलं न्हाई."

द्वारकाबाईला खाली बघवेना, वर बघवेना. "सासूबाईस्नी बस धरायची नव्हती, मामंजी."

म्हाताऱ्यानं काठीनं हौदाचा दगड ठोकला. मग म्हणाला, "जळब्या मला म्हणला, चल बापू, तुझा मान हाय. आन तिथं माझ्या हौदाला डबकं म्हणला. पोटचं पोरगं." तो थुंकला. "म्या उठून आलो ते त्याच्यापायी."

द्वारकाबाई कठड्यापाशी सरकली.

"पर आता तुमा बायास्नी रोजचीच तकलीफ," म्हातारा म्हणाला. " कंडाक्टर इचारील, कुठलं तिकीट? मंग काय म्हणशील?"

द्वारकाबाईनं पदर सारखा केला. "एक मामंजी द्या, म्हणीन."

ज्योती तोंडावर हात धरून खुदकन हसली. म्हाताऱ्याच्या मिशा थरथरल्या, पण त्यानं मान फिरवली आणि गोठ्याकडं काठी केली.

"म्हैस कवाची हंबरून राहिली. तहानली असंल."

तिनं जाऊन दावं सोडलं. म्हैस धावतच हौदावर आली. द्वारकाबाईनं पाण्यावरचं शेवाळ हातानं बाजूला सारलं.